एलईडीत अडकलेला उजेड आणि आपोआप रांगेत बसणारे काचेचे गोळे

एलईडी वीज कमी खातो आणि जास्त टिकतो हे आता कुणाला नव्याने सांगायला नको, घराघरात तेच दिवे लागलेत. पण त्या दिव्याच्या पोटात जी चिमुकली चिप असते, एखाद मिलिमीटरची किंवा त्याहूनही लहान, तिची एक अडचण फारशी कुणी सांगत नाही आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात खरी मजा तिथेच आहे. चिपमध्ये उजेड तयार झाला म्हणजे अर्धंच काम झालं. तयार झालेला उजेड चिपमधून बाहेर काढणं हे उरलेलं अर्धं, आणि चिप नुसती सपाट ठेवली तर वरच्या बाजूने पहिल्या फटक्यात जेमतेम ४ टक्के उजेड बाहेर पडतो, बाकीचा आतल्या आत फिरत राहतो. यावर जगभरात बरेच उपाय निघाले, काही फार महाग, काही कमी. त्यातला मला सगळ्यात आवडलेला उपाय असा की पाण्यात कालवलेले मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या आकाराचे काचेचे गोळे चिपवर पसरायचे, पाणी सुकू द्यायचं आणि गोळे आपोआप एकमेकांना चिकटून रांगेत बसतात, कुणी एकेक उचलून ठेवायला लागत नाही. हे कसं होतं आणि त्याने उजेड का वाढतो ते जरा निवांत समजून घेऊ.

आधी चिपच्या आत काय चाललेलं असतं ते. निळ्या एलईडीची चिप गॅलियम नायट्राइडची असते आणि तिच्यात मधोमध काही नॅनोमीटर (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर) जाडीचे पातळ थर असतात ज्यात गॅलियमच्या जोडीला थोडं इंडियम घातलेलं असतं. त्याला क्वांटम वेल म्हणतात. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, येतात, या थरात दोघं भेटतात आणि त्या भेटीतून प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, सुटतो. ऐकायला सोपं वाटतं पण चांगल्या दर्जाचं गॅलियम नायट्राइड बनवता बनवता लोकांच्या नाकीनऊ आले होते. जपानमध्ये आकासाकी आणि आमानो यांनी ते जमवलं, आणि शुजी नाकामुरा यांनी तोकुशिमाच्या निचिया कंपनीत १९९३ मध्ये खरोखर झगझगीत निळा एलईडी करून दाखवला. तिघांना मिळून २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा दिवासुद्धा बहुतेक वेळा आतून निळाच असतो, निळ्या चिपवर पिवळा उजेड देणारी पावडर लावलेली असते आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं.

आता मेख कुठे आहे बघा. गॅलियम नायट्राइडचा अपवर्तनांक साधारण २.५ आहे आणि हवेचा १. अपवर्तनांक म्हणजे त्या पदार्थात प्रकाशाचा वेग किती पटीने कमी होतो तो आकडा, शाळेत सगळ्यांनी केलेलं आहे हे. जास्त अपवर्तनांकातून कमीकडे जाताना प्रकाश फार तिरका आला तर तो बाहेर जातच नाही, पृष्ठभागावरून पूर्णच्या पूर्ण परत फिरतो. ऑप्टिकल फायबरमधून इंटरनेट येतं ते याच तत्त्वावर. किती तिरका म्हणजे फार तिरका, तर गॅलियम नायट्राइडसाठी तो कोन निघतो सुमारे २३.६ अंश. म्हणजे पृष्ठभागावर सरळ उभ्या रेषेपासून २३.६ अंशांच्या आत येणारा किरण सुटला, त्यापेक्षा तिरका आलेला प्रत्येक किरण परत आत. आणि क्वांटम वेलमधून निघणारा प्रकाश तर सगळ्या दिशांना निघतो, त्याला वर-खाली काही कळत नाही. त्या सगळ्या दिशांपैकी वरच्या या निमुळत्या शंकूत किती दिशा बसतात याचं गणित केलं तर उत्तर येतं ४ टक्के. त्यातूनही सरळ आलेल्या प्रकाशाचा जवळपास १८ टक्के भाग साध्या परावर्तनाने मागे जातो, म्हणजे त्या चारातही तूट.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, गॅलियम नायट्राइडच्या अगदी जवळचा. हिऱ्याला पैलू पाडतात ते याचसाठी की वरून आत शिरलेला उजेड खालच्या बाजूंवरून पूर्ण परत फिरावा आणि पुन्हा वरूनच बाहेर यावा, त्यामुळे हिरा लखलखतो. जे हिऱ्यात मुद्दाम हवं असतं तेच एलईडीत नको असतं.

आत अडकलेला उजेड मग जातो कुठे? इकडून तिकडे आपटत राहतो, आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा धातूच्या इलेक्ट्रोडमध्ये, खालच्या थरांमध्ये, क्वांटम वेलमध्येच शोषला जातो. शेवटी त्याची उष्णता होते. म्हणजे नुकसान दुहेरी, उजेड गेला तो गेला आणि चिप तापली ती वेगळीच, आणि तापलेल्या चिपमध्ये उजेड तयार होण्याचं प्रमाणसुद्धा घसरतं. आत ८० टक्के कार्यक्षमतेने उजेड तयार होतोय पण त्यातला दहावा भागच बाहेर येतोय असं धरलं, तर हातात पडतात फक्त ८ टक्के. आतला कारखाना कितीही सुधारला तरी दार अरुंद असेल तर माल बाहेर येणार कसा.

लोकांनी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर गोळ्यांची गंमत कळणार नाही. सगळ्यात जुना उपाय म्हणजे चिपवर पारदर्शक रेझिनचा घुमट बसवणं. रेझिनचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, त्यामुळे चिपमधून रेझिनमध्ये शिरायचा शंकू जवळपास ३७ अंशांचा होतो आणि ४ टक्क्यांचे १० टक्के होतात, पुढे घुमट गोल असल्यामुळे तिथून हवेत निघताना प्रकाश फारसा अडत नाही. १९९३ मध्येच अमेरिकेत श्नित्झर, याब्लोनोविच आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या एलईडीचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला आणि बाह्य कार्यक्षमता, म्हणजे शेवटी बाहेर पडणाऱ्या उजेडाचं प्रमाण, ९ वरून ३० टक्क्यांवर नेली. खडबडीत करायला त्यांनी पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे बारीक गोळेच वापरले होते, पण नुसता साचा म्हणून, गोळे पसरून मधल्या जागा कोरायच्या आणि मग गोळे काढून टाकायचे. १९९९ मध्ये लाल रंगाच्या एलईडीची चिपच उलट्या पिरॅमिडसारखी कापून ५० टक्क्यांच्या वर मजल गेली. २००४ मध्ये सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गॅलियम नायट्राइडचा थर, तो ज्यावर वाढवतात त्या खालच्या नीलमण्याच्या चकतीपासून लेसरने सोडवून त्याची मागची बाजू पोटॅशियम हायड्रॉक्साइडने खाऊन काढली, त्यावर बारीक बारीक शंकू उभे राहिले आणि उजेड दोन ते तीन पट वाढला. नीलमण्याच्या चकतीवरच आधी उंचवटे कोरून मग त्यावर एलईडी वाढवायचा, हीही पद्धत आता कारखान्यांत सर्रास चालते.

हे सगळे उपाय चालतात, पण यातल्या बहुतेकांत काहीतरी कोरायचं, कापायचं, खरवडायचं असतं. मायक्रॉनच्या मापाची एकसारखी नक्षी हवी असेल तर फोटोलिथोग्राफी लागते, म्हणजे मास्क, प्रकाशाला संवेदनशील रसायनाचा लेप, महागडं मशीन, क्लीन रूम आणि एकामागून एक पायऱ्या. खर्च तिथे वाढतो. मग प्रश्न असा पडतो की नक्षी कोरण्याऐवजी बाहेरून नेऊन बसवता येईल का, आणि तीही कुणी न बसवता.

इथे येते अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेम गावची लीहाय युनिव्हर्सिटी. हे गाव एकेकाळी पोलादासाठी प्रसिद्ध होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं पोलाद इथल्या कंपनीचं. तिथे त्या वेळी नेल्सन तान्सू हे सेमीकंडक्टर आणि प्रकाशाच्या बाजूचे प्राध्यापक, आणि जेम्स गिलख्रिस्ट हे केमिकल इंजिनियरिंगचे, ज्यांचा सगळा अभ्यास द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांवर. एकाकडे उजेड अडकलेल्या चिप्स आणि दुसऱ्याकडे कणांना शिस्तीत बसवायची युक्ती. दोघांच्या गटांनी मिळून निळ्या-हिरव्या रंगाच्या, ४८० नॅनोमीटरच्या आसपास उजेड देणाऱ्या एलईडीवर सिलिकाच्या म्हणजे काचेच्या गोळ्यांचा एकेरी थर बसवला, खाली पॉलिस्टायरीनचा थर. २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलेला आकडा होता २१९ टक्के वाढ. त्या आकड्याचा अर्थ नीट लावावा लागतो, त्यावर पुढे येतोच. आधी गोळे.

सिलिकाचे असे एकसारखे गोळे बनवायची पद्धत १९६८ पासून आहे, श्टोबर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांची. अल्कोहोलमध्ये थोडं पाणी, थोडा अमोनिया आणि सिलिकॉन असलेलं एक सेंद्रिय रसायन मिसळायचं, आणि त्या मिश्रणात काचेचे गोळे जन्माला येतात, सगळे जवळजवळ एकाच मापाचे. प्रमाण बदललं की माप बदलतं. निसर्गात हेच लाखो वर्षांत होतं आणि त्याला आपण ओपल म्हणतो. ओपलमधल्या रंगांवर सी. व्ही. रामन यांनीही बंगळुरात काम केलं होतं, पण आत सिलिकाचे एकसारखे गोळे ओळीने रचलेले आहेत हे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं. म्हणजे गोळे आपोआप रांगेत बसतात ही काही प्रयोगशाळेतली कल्पना नाही, ती जमिनीखाली घडून गेलेली गोष्ट आहे. फक्त लाखो वर्षं थांबायला आपल्याला वेळ नाही, आपल्याला ते काही मिनिटांत करायचंय.

ते काही मिनिटांत कसं होतं हे समजायला चहाचा एक थेंब पुरतो. टेबलावर सांडलेला चहा न पुसता तसाच सुकू द्या आणि मग नीट बघा. डाग सगळीकडे सारखा नसतो, कडेला गडद रेघ आणि मध्ये फिकट. कारण थेंबाची कडा पृष्ठभागाला पकडून बसते, सरकत नाही, आणि कडेला द्रवाचा थर पातळ असल्यामुळे तिथलं पाणी झपाट्याने उडतं. उडालेलं भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना सगळे कण बरोबर घेऊन येतं, पाणी उडून जातं, कण तिथेच राहतात. शिकागो विद्यापीठातल्या डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे नीट मांडून दाखवलं, त्यांनी कॉफीचा डाग घेतला होता. मला याचं फार अप्रूप वाटतं, रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट आणि तिचं सरळ स्पष्टीकरण विसाव्या शतकाच्या शेवटी यावं.

थेंबाच्या कडेला कण गर्दी करतात इतकं कळलं. पण गर्दी म्हणजे शिस्त नव्हे. शिस्त येते ती दुसऱ्या एका बलामुळे, आणि ते जपानमध्ये नागायामा यांच्या गटाबरोबर काम करणाऱ्या लोकांनी १९९० च्या दशकात मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष पाहिलं. पाण्याचा थर सुकत सुकत गोळ्याच्या उंचीपेक्षा पातळ झाला की गोळ्यांची डोकी पाण्याबाहेर येतात, प्रत्येक गोळ्याभोवती पाण्याचा पृष्ठभाग वाकतो, आणि दोन गोळ्यांमधला वाकलेला पृष्ठभाग सपाट व्हायला बघतो, त्या ओढाताणीत गोळे एकमेकांकडे खेचले जातात. त्याआधीपर्यंत पाण्यात सिलिकाच्या गोळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ठेवतात, गुठळ्या होऊ देत नाहीत. म्हणजे आधी लांब ठेवणारं बल आणि अगदी शेवटच्या क्षणी जवळ ओढणारं बल, हा क्रम फार महत्त्वाचा आहे, उलटा झाला असता तर नुसता चिखल झाला असता. आणि एकसारखे गोल सपाट जागेवर जास्तीत जास्त दाटीने बसायचे म्हटले तर मांडणी एकच निघते, जी कॅरम मांडताना आपण करतो, मध्ये राणी, तिच्याभोवती सहा सोंगट्या, त्यांच्याभोवती बारा. हीच षटकोनी मांडणी पुढे पुढे वाढवत न्यायची. यात ९०.७ टक्के जागा गोळ्यांनी व्यापली जाते, यापेक्षा दाट एकेरी थर गणिताने शक्यच नाही. गोळा एक मायक्रॉनचा असेल तर एका चौरस सेंटिमीटरवर साडेअकरा कोटी गोळे बसतात. एवढे गोळे कुणी हाताने किंवा मशीनने एकेक करून ठेवू शकत नाही.

पण थेंब नुसता ठेवून सुकवला तर कडेला जाड रेघ आणि मध्ये रिकामं, म्हणजे चहाचा डागच. चिपवर सगळीकडे सारखा थर हवा असतो. त्यासाठी केलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. चहाच्या थेंबात जी कडा एका जागी अडकून बसते, तीच कडा मुद्दाम हळूहळू मागे सरकवत न्यायची. काचेची पट्टी घ्यायची, ती चिपच्या वर थोडी तिरकी धरायची, पट्टी आणि चिप यांच्या फटीत गोळे कालवलेल्या पाण्याचा थेंब सोडायचा, काही मायक्रोलिटरचा. थेंब त्या फटीत पाचरीसारखा अडकून राहतो. मग खालची चिप सावकाश सरकवायची. थेंबाची कडा मागे ओढली जाते, तिच्यातून पाण्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा बाहेर येतो, तिथलं पाणी उडतं, उडालेल्याची जागा घ्यायला थेंबातून पाणी येतं, पाण्याबरोबर गोळे येतात आणि आधी बसलेल्या रांगेला येऊन चिकटतात. रांगेमागून रांग. वेग सेकंदाला ५० मायक्रॉनच्या आसपास असेल तर एक सेंटिमीटर जायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. पट्टीने ओढण्याची ही वेगवान पद्धत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये प्रेव्हो आणि वेलेव्ह यांनी २००४ मध्ये मांडली आणि लीहायच्या लोकांनी ती एलईडीच्या कामाला लावली.

सगळी तारेवरची कसरत वेगाची आहे. पाणी किती झपाट्याने उडतंय, द्रावणात गोळे किती दाट आहेत आणि गोळ्याचा व्यास किती, यावरून एक नेमका वेग ठरतो ज्या वेगाला बरोबर एकेरी थर बसतो. गोळे दाट असतील तर वेग वाढवता येतो, गोळे मोठे असतील तर कमी करावा लागतो, व्यास दुप्पट झाला की वेग निम्मा. त्या नेमक्या वेगापेक्षा जोरात ओढलं तर गोळ्यांचा पुरवठा कमी पडतो आणि बेटं बेटं तयार होतात, मध्ये उघड्या जागा. हळू ओढलं तर एकावर एक दोन-तीन थर चढतात. आणि हवेतल्या दमटपणावर बाष्पीभवन अवलंबून, म्हणजे त्या दिवशी हवा कशी आहे यावरसुद्धा थर अवलंबून, म्हणून तापमान आणि आर्द्रता पकडून ठेवावी लागते. वेग बरोबर असूनही कधी कधी आडव्या पट्ट्या पडतात, एक पट्टा दाट, एक विरळ, कारण थेंबाची कडा सारखी मागे न सरकता अडकते, सुटते, पुन्हा अडकते. गिलख्रिस्टांच्या गटाने यावर पुढे दोन गोष्टी केल्या. मोठ्या सिलिकाच्या गोळ्यांबरोबर पॉलिस्टायरीनचे फार लहान, नॅनोमीटरच्या मापाचे कण मिसळले, योग्य प्रमाणात असले की ते मोठ्या गोळ्यांच्या मधल्या जागा भरतात आणि मांडणी सुधारते, कमी किंवा जास्त झाले की बिघडते. आणि दुसरं, ओढता ओढता सगळं हलकेच थरथरवलं, त्यानेही रांगा नीट बसतात.

थर नीट बसलाय का हे बघायला दरवेळी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो असं नाही. चांगला थर तिरका धरून बघितला की इंद्रधनुष्यी रंग फिरतात, ओपलसारखे. त्यातून लाल लेसर पॉइंटर सोडला तर पडद्यावर, जिथे रांगा एकाच दिशेने आहेत तिथे, मधल्या ठिपक्याभोवती सहा ठिपके पडतात. ठिपक्यांच्या जागी पूर्ण वर्तुळ दिसलं तर समजायचं की षटकोन आहेत पण त्यांचे लहान लहान तुकडे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेत.

गोळे बसले की चिप तापवायची. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर मऊ होतं, पसरून त्याचा सलग थर होतो आणि सिलिकाचे गोळे त्यात अर्धवट रुतून पक्के बसतात, सिलिकाला एवढ्या तापमानाने काही होत नाही. वर उरतात ते एकाला एक लागून असलेले अर्धगोल, म्हणजे भिंगांची अखंड चादर. एक चौरस मिलिमीटरच्या चिपवर साडेअकरा लाख भिंगं.

आता उजेड का वाढतो. इथे बरेच लोक एक घाईचं उत्तर देतात की गॅलियम नायट्राइड २.५, पॉलिस्टायरीन साधारण १.६, काच १.४६, हवा १, म्हणजे पायऱ्या पायऱ्यांनी उतार झाला म्हणून उजेड सहज बाहेर आला. हे पुरेसं नाही. तुम्ही चिपवर सपाट, एकमेकांना समांतर असे कितीही थर चढवा, हवेत पोचू शकणारा किरण तोच राहतो जो चिपच्या आत २३.६ अंशांच्या आत होता. पॉलिस्टायरीनमध्ये तो शिरतो खरा, ३९ अंशांपर्यंतचा शिरतो, म्हणजे ४ च्या जागी ११ टक्के उजेड पहिला उंबरठा ओलांडतो, पण पुढे पॉलिस्टायरीनच्या सपाट पृष्ठभागावर जादा आलेला सगळा उजेड पुन्हा अडतो आणि परत फिरतो. हिशोब शेवटी तिथेच येतो. सपाट थराने साध्या परावर्तनातलं थोडं नुकसान वाचतं, बास.

फरक पडतो तो गोलाईमुळे. सपाट पृष्ठभागावर किरण किती तिरका आलाय हे सगळीकडे सारखंच असतं. गोळ्याच्या पृष्ठभागावर प्रत्येक बिंदूची दिशा वेगळी, त्यामुळे जो किरण सपाट पृष्ठभागासाठी फार तिरका होता तोच गोळ्याच्या कडेला गेला की तिथल्या पृष्ठभागाला जवळजवळ सरळ भेटतो आणि बाहेर पडतो. म्हणजे पॉलिस्टायरीनचा थर पहिलं दार ४ वरून ११ टक्क्यांपर्यंत उघडतो आणि गोळे दुसरं दार उघडतात, एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग अर्धवट. शिवाय जे किरण पहिल्या खेपेला सुटत नाहीत ते गोळ्यांवरून दिशा बदलून आत जातात. सपाट चिपमध्ये किरण कितीही वेळा आपटला तरी त्याचा कोन तोच राहतो, म्हणजे एकदा अडकला तो कायमचा अडकला. गोळे असले की प्रत्येक फेरीला कोन बदलतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला संधी मिळते. आणि गोळ्यांचं माप प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दुप्पट वगैरेच असल्यामुळे, मायक्रॉनभर गोळा आणि अर्ध्या मायक्रॉनची तरंगलांबी, नुसतं भिंगासारखं किरणांचं गणित इथे पुरत नाही, विवर्तनही होतं, म्हणजे प्रकाश लाटेसारखा वळतो, गोळ्यांच्या नियमित रांगा जाळीसारखं काम करून काही तिरका उजेड वळवतात. गोळा किती रुतलाय यावरही बरंच ठरतं. फार रुतला तर वरचा भाग सपाट होत जातो, फारच कमी रुतला तर गोळा आणि थर यांच्यात हवेची फट राहते आणि उजेड गोळ्यात शिरतच नाही. पॉलिस्टायरीनची जाडी कमी-जास्त करून हे साधता येतं.

आता ते २१९ टक्के. असा आकडा वाचला की वाटतं घरातला दिवा तिप्पट प्रकाशणार. तसं नाही, आणि हे स्पष्ट सांगितलं पाहिजे कारण अशा बातम्यांत नेमकं हेच गाळलं जातं. तुलना होती सपाट, उघड्या चिपशी, म्हणजे जिची सुरुवातच वाईट होती. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या एलईडीमध्ये कोरलेला नीलमणी, खडबडीत पृष्ठभाग, मागचा आरसा, वरचं रेझिन हे सगळं आधीच असतं आणि त्यातून आतला ८० टक्क्यांहून जास्त उजेड बाहेर निघतो. तिथे तिप्पट होण्याएवढी जागाच शिल्लक नाही. शिवाय वरून रेझिन ओतलं की काचेचे गोळे जवळजवळ दिसेनासे होतात, कारण काच १.४६ आणि रेझिन १.५, उजेडाच्या दृष्टीने दोघांत फरकच उरत नाही. मग या कामाचं मोल काय? मला वाटतं मोल पद्धतीत आहे. जी नक्षी करायला मास्क आणि कोरीव काम लागायचं, ती एक तिरकी पट्टी, एक थेंब आणि सुकणारं पाणी यांनी होते, आणि चिप न खरवडता होते. पृष्ठभाग कोरताना खालच्या नाजूक थरांना इजा व्हायची भीती असते, विशेषतः गॅलियम नायट्राइडचा वरचा पी-थर, म्हणजे होल पुरवणारा थर, पातळच असतो, तिथे कोरायला फार वाव नसतो. गोळे वरून बसतात, आत काही बिघडत नाही.

काचेपेक्षा चांगला गोळा कुठला, यावर तान्सूंच्या गटाने पुढे टायटॅनियम डायऑक्साइडच्या गोळ्यांचा अभ्यास केला. कारण उघड आहे, त्याचा अपवर्तनांक गॅलियम नायट्राइडच्या जवळपास जातो, त्यामुळे पहिलं दार ११ टक्क्यांवर न थांबता बरंच जास्त उघडतं, आणि वर रेझिन ओतलं तरी हे गोळे दिसेनासे होत नाहीत.

काजव्यांनाही हाच प्रश्न पडलेला असतो हे वाचून मला फार आनंद झाला होता. भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर काजवे बघायला जाणाऱ्यांना त्यांचा उजेड ओळखीचा आहे, पण उजेडाला काजव्याच्या पोटावरच्या कठीण आवरणातून बाहेर पडावं लागतं, तिथेही आतल्या आत परत फिरायची भीती असते. बेल्जियमच्या नामूर विद्यापीठातल्या संशोधकांनी फोट्युरिस जातीच्या काजव्याचं आवरण तपासलं, त्यावर छपरावरच्या कौलांसारखे तिरके, एकावर एक चढलेले खवले होते आणि खवल्यांच्या बाहेर आलेल्या कडा उजेड सोडवत होत्या. तशाच उतरत्या पायऱ्यांचा थर त्यांनी गॅलियम नायट्राइडच्या एलईडीवर चढवला आणि उजेड ५५ टक्के वाढला, हे २०१३ चं काम.

गोळ्यांच्या लेपाच्या अडचणी खऱ्या आहेत. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या पुढे मऊ होतं आणि जोरात चालणारी एलईडीची चिप त्या तापमानाला सहज पोचते, म्हणजे जोरकस दिव्यात गोळे पकडून ठेवायला दुसरं काहीतरी लागेल. सुकताना थराला बारीक भेगा जातात. आणि प्रयोगशाळेत एका चिपवर सुरेख जमणारी गोष्ट कारखान्यातल्या मोठ्या वेफरवर, म्हणजे जिच्यावर एकदम पुष्कळ चिप्स बनतात त्या चकतीवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, रोज तशीच जमली पाहिजे.

माझ्या मते या कामाची खरी गरज आता घरगुती दिव्यात नसून खोल अल्ट्राव्हायोलेट एलईडीत आहे, जे पाणी आणि हवा निर्जंतुक करायला वापरतात. त्यांची कार्यक्षमता अजून फार कमी आहे, बाजारातले बरेचसे काही टक्क्यांवरच अडकलेत, आणि त्यामागे उजेड बाहेर न निघणं हे मोठं कारण आहे, कारण चिपचा वरचा गॅलियम नायट्राइडचा थरच तो प्रकाश खाऊन टाकतो. जपानच्या रिकेन संस्थेच्या गटाने २०१७ मध्ये २७५ नॅनोमीटरला २० टक्क्यांच्या वर मजल मारली ती मुख्यतः उजेड बाहेर काढायची वाट सुधारून, त्या थराच्या जागी पारदर्शक थर घालून, खाली आरसा लावून आणि वर भिंग बसवून. या तरंगलांबीला पॉलिस्टायरीन चालत नाही, ते प्रकाश शोषतं आणि हळूहळू खराबही होतं, नेहमीची रेझिनंसुद्धा टिकत नाहीत. सिलिका मात्र पूर्ण पारदर्शक राहते. म्हणून इथे गोळे काचेचेच लागतील, आणि त्यांना पकडून ठेवणारा थरही अल्ट्राव्हायोलेट सहन करणारा शोधावा लागेल.